चायाला पालक म्हणू नका

पुण्यात चायाची काडी उन्हानं मरत नाही, पाण्यानं मरते. कुणीतरी हौसेनं वीतभर फांदी देतं, देताना सांगतं, ‘हा झाडाचा पालक, एकदा लावला की वर्षानुवर्षं भाजी’, आणि घेणारा तिला पालकासारखंच वागवतो. शेणखत घातलेली भुसभुशीत माती, सकाळ-संध्याकाळ पाणी, थोडी सावली. दोन-तीन आठवड्यांनी काडीला पोपटी फुटवा येतो, घरात आनंद होतो, पाणी आणखी वाढतं. मग एके दिवशी फुटवा मान टाकतो. काडी बुडाशी काळी पडून मऊ लागते आणि उपटून पाहिली तर मूळ एकही नसतं. ती पानं काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असतात, मुळांवर नाही. काडीत खोट नव्हती. नावानं घात केला.

चाया ही मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पातली आणि आसपासच्या माया लोकांच्या परसातली झुडूपवजा भाजी. शास्त्रीय नाव निडोस्कोलस अकोनिटिफोलियस, कूळ एरंडाचं. म्हणजे एरंड, मोगली एरंड आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका हे तिचे सगेसोयरे. पालकाशी तिचं काडीचंही नातं नाही. पान शिजल्यावर गडद हिरवं दिसतं, भाजी होते, एवढ्या साम्यावर इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिला ‘झाडाचा पालक’ म्हटलं आणि तेच नाव गच्चीवरच्या बागांमधून फिरत आपल्याकडे आलं. केरळात ती ‘चायामन्सा’ या नावानं परसात रुळली आहे. ते बरं झालं, कारण त्या नावात पालक नाही.

गंमत अशी की आपण ज्याला पालक म्हणतो तोही जगाच्या पुस्तकांतला ‘स्पिनॅच’ नव्हे. इराणकडून आलेला तो खरा स्पिनॅच वेगळा, आपल्याकडे त्याला विलायती पालक म्हणतात. मंडईत जुडी मिळते त्या गुळगुळीत, रुंद पानाच्या पालकाचं बियाणं ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’, ‘पुसा हरित’ अशा नावांनी दुकानात येतं, आणि ही सगळी बिटाची जात आहे. पालकाची बी तळहातावर घेऊन पाहा. ती गोल, गुळगुळीत नसते. खडबडीत, कोनेरी गुठळी असते. ती एक बी नाहीच, दोन-तीन बिया एकत्र चिकटलेलं फळ आहे, अगदी बिटाच्या बीसारखं. म्हणून एका ठिकाणी एक दाणा टोचला तरी दोन-तीन रोपं उगवतात आणि विरळणी टळत नाही.

हे कूळ कळलं की पालकाचा स्वभाव उलगडतो. बिटाचे पूर्वज समुद्रकाठचे, त्यामुळे खारटपणा आणि चुना पालक इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त सोसतो. पुण्याची काळी माती चुनखडीची, कित्येक सोसायट्यांचं बोअरचं पाणी जड. या पाण्यावर मिरचीची पानं पिवळी पडतात, पालक मात्र फारशी तक्रार करत नाही. त्याची तक्रार असते उन्हाची आणि तहानेची.

पालकाला खोल माती लागत नाही. भाजीचा साधा प्लास्टिकचा क्रेट, साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा, आतून शेडनेट किंवा पोत्याचं अस्तर लावून, १५ ते २० सेंटिमीटर माती भरली की पुरे. चार भाग पोयट्याची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट हे मिश्रण चालतं. नुसती काळी माती भरू नये. तिच्यावर पाण्यानं पापुद्रा धरतो आणि कोंब आतच वाकडा होऊन बसतो. बी रात्रभर पाण्यात भिजवायची. ही पायरी गाळली की उगवण आठवड्याऐवजी पंधरवड्यावर जाते आणि तीही इथेतिथे, कारण त्या बुचासारख्या आवरणात पाणी शिरायला वेळ लागतो. क्रेटला १ ते दीड ग्रॅम बी भरपूर होतं. बोटानं १५ सेंटिमीटर अंतरावर रेघा ओढाव्यात, दीड सेंटिमीटर खोल पेरावं, वरून गांडूळखताची चाळण भुरभुरावी. रोपांना खरी पानं दोन झाली की दर ५ सेंटिमीटरवर एक ठेवून बाकीची कात्रीनं मातीलगत कापावीत. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. कापलेली रोपं फेकायची नाहीत, कोशिंबिरीत घालायची.

पहिली कापणी पेरणीपासून ३० ते ३५ दिवसांनी. इथे हात आवरावा लागतो. जमिनीपासून ४-५ सेंटिमीटर सोडून कापलं तर मधला कोंब वाचतो आणि १५ ते २० दिवसांत पुन्हा पान येतं. मुळासकट उपटली तर एक जुडी, कापली तर तीन-चार. मंडईतली जुडी मुळासकट येते म्हणून घरीही तसंच करायचं असं काही नाही. प्रत्येक कापणीनंतर दोन मुठी गांडूळखत किंवा दहापट पाण्यात पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) द्यावं. पान मोठं व्हावं म्हणून युरियाची चिमूट वाढवत नेण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण पालेभाजी जादा नत्र पानातच नायट्रेटच्या रूपानं साठवते, आणि असं लुसलुशीत पान माव्यालाही आधी सापडतं.

पालकाचे रोग बहुतेक पाणी कसं घातलं त्यावरून येतात. रोपं गवतासारखी दाट आणि माती सतत चिखल असेल तर ती बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. संध्याकाळी झारीनं पानांवरून पाणी घातलं की पान रात्रभर ओलं राहतं आणि आठवड्याभरात करड्या मध्याचे, लालसर कडेचे गोल ठिपके उठतात. तो सरकोस्पोरा बुरशीचा ठिपका. औषध शोधण्याआधी पाणी सकाळी आणि मुळाशी घालायला लागावं, ठिपक्यांची पानं काढून टाकावीत, रोपं विरळ करावीत. पानात पांढुरकी वेडीवाकडी रेघ दिसली तर ती नागअळी. पान तोडून नष्ट करायचं, बस.

आणि मग मार्च उजाडतो. दिवस लांबतो, दुपारी पारा ३५ च्या पुढे जातो, आणि एका आठवड्यात क्रेटच्या मधून दांडा वर येतो. दांडा आला की पानं अरुंद, जाड आणि कडवट होतात. शेंडा खुडून दांडा थांबत नाही. पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली आणि दिवसातून दोन वेळा पाणी देऊन मे महिन्यातही पालक घेता येतो, नाही असं नाही. पण हिशेब करून पाहावा. एका चौरस मीटरवरून १ मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे १ लीटर. पुण्याच्या डिसेंबरात एवढाच, चौरस मीटरचा भरलेला वाफा दिवसाला तीनेक लीटर पितो, एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात त्याची दुप्पट आणि वर. खडकवासला साखळीतल्या धरणांची पातळी रोज वर्तमानपत्रात छापून येत असते आणि सोसायटीच्या दारात टँकर उभा असतो, त्या दिवसांत पिण्याचं पाणी तीन चमचे कडवट भाजीसाठी घालणं मनाला पटत नाही. पालक हा पुण्यात ऑक्टोबरची हीट सरल्यावर यायचा आणि शिमग्याला जायचा पाहुणा आहे. पाहुण्याला उन्हाळाभर धरून ठेवू नये.

चायाचं गाव समजून घेतलं तर तिची निगा आपोआप कळते. युकातान सगळा चुनखडीचा. पाऊस पडतो तो भोकांतून, भेगांतून खाली झिरपतो; द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळपास नाहीतच. काही महिने पाऊस, मग काही महिने लख्ख कोरडे, आणि माती खडकावर वीतभर. अशा जागी वाढलेल्या झाडाला दोन गोष्टी येतात: पाणी असेल तेव्हा गरदार खोडात साठवणं आणि नसेल तेव्हा पानं गाळून गप्प बसणं. साचलेलं पाणी त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातच नाही. म्हणून काळ्या मातीत, जी भिजली की फुगते आणि चार दिवस पाणी सोडत नाही, चायाचा जीव गुदमरतो. उलट इमारतीच्या कुंपणाकडेला बांधकामानंतर उरलेली मुरमाड पट्टी असते, जिथे शोभेचं काही जगत नाही म्हणून माळी ती सोडून देतो, ती जागा चायाला हवीशी वाटते. वेताळ टेकडीच्या उतारावरची माती ज्यानं हातात घेतली असेल त्याला हे मिश्रण वेगळं समजवायला नको.

चाया काडीनंच लावायची. लागवडीतल्या जातींना उगवणारं बी सहसा धरतच नाही. माणसानं शेकडो वर्षं काडीवरून काडी करत तिला वाढवलं आणि तिनं बी धरणं सोडून दिलं. काडी अंगठ्याएवढी जाड, तपकिरी झालेल्या लाकडाची, २० ते २५ सेंटिमीटर लांब, निदान तीन-चार डोळे असलेली घ्यावी. पेन्सिलीएवढी हिरवी शेंड्याची काडी सडते. कापल्याबरोबर दुधासारखा चीक वाहतो. तो कातडीला आणि डोळ्यांना लागू देऊ नये, हातमोजे घालावेत. सगळी पानं काढावीत आणि बुडाचा काप तिरका, शेंड्याचा सपाट ठेवावा, म्हणजे पुढे उलटी लागत नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा गाळलं जाणारं काम: काडी सावलीत, हवेशीर जागी चार ते सात दिवस नुसती पडू द्यायची. काप वाळून त्यावर खपली धरते. ओल्या कापानं लावलेली काडी म्हणजे बुरशीला उघडं दार.

मिश्रणात दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम किंवा विटांची भुकटी-तुकडे, एक भाग गांडूळखत. वीस लीटरची कुंडी किंवा ग्रो बॅग, तळाला चार-पाच मोठी भोकं. काडीचा एक तृतीयांश भाग मातीत, माती घट्ट दाबून, एकदाच भरपूर पाणी. त्यानंतर वरची ३-४ सेंटिमीटर माती कोरडी होईपर्यंत पाणी नाही. बोट घालून पाहावं, डोळ्यांवर विसंबू नये. पानं फुटली म्हणून पाणी वाढवू नये आणि मूळ धरलं का हे पाहायला काडी हलवूही नये. नवी मुळं काचेसारखी तुटतात. लावायची वेळ फेब्रुवारी-मार्च उत्तम. जूनमध्ये लावली तर चालते, पण कुंडी वळचणीखाली हवी. जुलैच्या झडीत उघड्यावर लावलेल्या दहा काड्यांतल्या सातआठ जातात, आणि डिसेंबरात लावली तर ती मरत नाही, फक्त फेब्रुवारीपर्यंत खुंटीसारखी उभी राहते.

एकदा मूळ धरलं की तिचा तोरा बदलतो. जमिनीत लावलेल्या दोन वर्षांच्या झाडाला पुण्याच्या मे महिन्यात दहा-पंधरा दिवसांनी एक बादली पाणी मिळालं तरी ते पानं धरून राहतं. कुंडीत माती तापते, म्हणून आठवड्यातून दोनदा २-३ लीटर द्यावं. पानांना खाणारी अळी क्वचितच दिसते. शेजारी पपई किंवा जास्वंद असेल तर पिठ्या ढेकूण मात्र येतो. पानाच्या मागे आणि बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं धुवावा आणि मग साबणाचं सौम्य पाणी. दुसरा शत्रू वळवाचा वारा. फांद्या ठिसूळ, पानं पंख्याएवढी. मे महिन्यात वावटळ सुटली की उंच झाड बेचक्यात फाटतं. झाड मोकळं सोडलं तर ३ ते ५ मीटर जातं, म्हणून दर फेब्रुवारीत कमरेच्या उंचीला छाटावं आणि गच्चीवर असेल तर बांबूला बांधावं. छाटणीत निघालेल्या काड्या पुढच्यांना द्यायला होतात.

देताना मात्र जबाबदारी आहे. एरंडाच्या कुळात दिसायला जवळ असलेली विषारी झाडं बरीच आहेत आणि त्यातली काही पुण्यातल्या कुंपणांवर, रस्त्याच्या दुभाजकांत लावलेली आहेत. मोगली एरंडाचं पान उथळ कंगोऱ्यांचं, फूल पिवळट हिरवं. लाल फुलांच्या, कातरलेल्या पानांच्या शोभेच्या जट्रोफा याच नात्यातल्या. चायाचं पान तीन ते पाच खोल बोटांचं, लांब देठाचं असतं, देठ पानाला मिळतो तिथे लहानशी गाठ असते आणि फुलं बारीक, पांढरी, झुपक्यानं येतात. फूल पाहिल्याशिवाय आणि ज्याच्याकडून काडी घेतली त्याच्या घरी ती कित्येक दिवस शिजवून खाल्ली जाते याची खात्री असल्याशिवाय तिला ताटात जागा देऊ नये. फोटोवरून ओळखून खाण्याची ही वनस्पती नाही. चायाच्याही जाती आहेत. रानटी चायाला खाजकुइलीची आठवण करून देणारी डंख मारणारी लव असते. घरगुती जातींमध्ये ती फार कमी, चायामन्सामध्ये जवळपास नाहीशी.

आता स्वयंपाकघर. ‘झाडाचा पालक’ या नावाची दुसरी आणि खरी गंभीर चूक इथे होते. पालक कच्चा खाता येतो. चाया कच्ची खायची नाही. दोन पानं नाहीत, मिक्सरमधून काढलेला हिरवा रस नाही, कोशिंबीर नाही. तिच्या पानात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं, टॅपिओकाच्या कंदात असतं तेच. पान अखंड असताना ते निरुपद्रवी असतं. पान चिरडलं की पेशीतलाच एक विकर त्याच्यावर काम करतो आणि हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. साबुदाण्यापर्यंत येताना कंद किसून, धुऊन, पिष्ट काढून, भाजून तो निघून गेलेला असतो, म्हणून एकादशीची खिचडी आपण निर्धास्त खातो. चायाच्या बाबतीत ही कारखान्यातली कामगिरी गृहिणीला किंवा गृहस्थाला ओट्यावर करावी लागते.

मराठी घराला हे नवं नाही, आणि म्हणूनच चायाची तुलना पालकाशी न करता अळूशी करायला हवी होती. अळूचं पान काळ्या देठाचं निवडा, देठ सोला, चिंच घाला, पूर्ण शिजवा, नाहीतर घसा खाजतो, हे पुण्यातल्या लग्नाच्या पंगतीत फदफदं वाढणाऱ्या आचाऱ्यापासून नव्या सुनेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. अळूला कुणी ‘चिंचेचा पालक’ म्हणत नाही. त्याचे नियम त्याच्या नावाबरोबरच शिकवले जातात. फक्त एक भेद ठळक लक्षात ठेवायचा. अळूत टोचतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, त्यावर चिंच-आमसुलाचा उतारा चालतो. चायातलं द्रव्य वेगळं आहे, त्यावर चिंच काही करत नाही. आणि अळू चुकलं तर घसा लगेच सांगतो, चाया तसं सांगत नाही.

पद्धत अशी. पाव किलो कोवळी, पूर्ण उघडलेली पानं घ्यावीत, शेंड्याची एकदम पोपटी नकोत आणि खालची चामट नकोत. देठ आणि मधली जाड शीर काढून टाकावी. धुऊन बारीक चिरावीत आणि चिरल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवावीत. हा वेळ वाया जात नाही. लिनामरिन स्वतः उष्णतेनं सहज मोडत नाही, त्याला मोडणारा विकर मात्र उकळत्या पाण्यात चटकन निकामी होतो. म्हणून आधी चिरून त्या विकराला काम करू द्यायचं. मग स्टीलच्या पसरट पातेल्यात ३ लीटर पाणी खळखळ उकळून त्यात पाला टाकायचा आणि झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून, पूर्ण २० मिनिटं उकळायचा. सायनाइड २६ अंशांच्या आसपासच उकळतं, ते वाफेबरोबर निघून जातं. उरलेलं लिनामरिन पाण्यात विरघळतं, म्हणून ते पाणी ओतून द्यायचं, डाळीत वापरायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही. पाला पिळून घ्यायचा. कुकर नको, कारण झाकण बंद आणि वेळ कमी. मायक्रोवेव्ह नको. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको अशी जुनी ताकीद आहे, ती पाळायला काही पडत नाही. युकातानमध्ये उकळलेलं पाणीही पितात हे खरं. पण तिथे कोणत्या परसातली कोणती जात हे पिढ्यांनी पारखलेलं असतं. आपल्याकडे हातोहात फिरणाऱ्या काड्यांत ती पारख नाही आणि जातीजातींत या द्रव्याचं प्रमाण फार बदलतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती रोजची भाजी करू नये. सायनाइडचा निचरा करताना शरीरात तयार होणारं थायोसायनेट आयोडीनच्या वाटेत येतं.

एवढं केल्यावर पातेल्यात जे उरतं ते चवीला सौम्य आणि दाताखाली भरीव असतं. पालक पाव किलो टाकला तर वाटीभर होतो आणि पाणी सुटतं. चाया तेवढी बसत नाही आणि पाणीही सोडत नाही. म्हणून ती पातळ भाजीला नीट लागत नाही, पण लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीवर भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर परतली, थालीपिठाच्या भाजणीत मळली, मुटकुळ्यांत घातली, झुणक्यात टाकली की जमते. युकातानमध्ये मक्याच्या पिठात चाया मळून, आत उकडलेली अंडी आणि भोपळ्याच्या बियांची पूड भरून लांब उंडा करतात, उकडतात आणि काप करून टोमॅटोच्या सॉसबरोबर वाढतात. अळुवडीचा उंडा वळलेल्या हाताला ही कृती परकी वाटू नये.

पालकाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. त्यात विष नाही, पण ऑक्झॅलिक आम्ल भरपूर आहे. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत लागतात ते त्यामुळेच. पानातलं बरंचसं कॅल्शियम या आम्लाशी बांधलेलं असतं. स्पिनॅचवर झालेल्या मोजणीत त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागलं, दुधातलं पाव भागाहून जास्त. आपल्या पालकाची ताकातली भाजी या दृष्टीनं शहाणी आहे. ताकातलं कॅल्शियम आतड्यात त्या आम्लाला धरून ठेवतं आणि रक्तात जाणारा भाग कमी होतो. मुतखड्याची सवय असलेल्यांनी मात्र ताकावर विसंबू नये.

चायाबद्दल सांगताना एक तक्ता हमखास पुढे केला जातो: पालकापेक्षा दुप्पट प्रथिनं, दुप्पट लोह, दुप्पट कॅल्शियम, तिपटीहून जास्त क जीवनसत्त्व. आकडे कच्च्या पानाचे आहेत आणि त्या दृष्टीनं चाया खरोखरच समृद्ध आहे. ताज्या १०० ग्रॅम पानांत ५ ते ६ ग्रॅम प्रथिनं, तर पालकात २ ते ३. पण कच्चं खायचंच नाही असं पान कच्च्या आकड्यांवर जोखणं बरोबर नाही. २० मिनिटं उकळून पाणी ओतल्यावर क जीवनसत्त्वाचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर मोरीत गेलेला असतो. प्रथिनं आणि लोह बऱ्यापैकी टिकतात. म्हणून चायाच्या भाजीवर लिंबू पिळावं, ते नुसतं चवीसाठी नाही. शिवाय त्या तक्त्यातला पालक म्हणजे विलायती स्पिनॅच, मंडईतल्या जुडीशी त्याचा संबंध दूरचाच.

इथे कुणीही जाणकार विचारेल, मग शेवगा का नको? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे जमीन आहे त्यानं आधी शेवगाच लावावा. त्याचा पाला ताजा असताना नुसता परतून होतो, उकळून पाणी ओतायची भानगड नाही, शेंगा वर. चायाची जागा तिथे सुरू होते जिथे शेवग्याची संपते: गच्चीवर, जिथे तो दोन वर्षांत हाताबाहेर जातो, आणि ज्या घरात पान ओरबाडत बसायला तासभर नसतो. चायाची दहा-बारा पानं म्हणजे चौघांची भाजी.

पानं तोडायला लावल्यापासून चार ते सहा महिने थांबावं. त्याआधी तोडलं तर झाड बुटकं राहतं. पुढेही एका वेळी निम्म्याहून जास्त पानं काढू नयेत, कारण उरलेल्या पानांवरच ते पुढची भरपाई करतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी तोडा निघतो, मार्च ते मे थोडा सावकाश. तुलना खरी इथे येऊन थांबते. पालक महिन्यात पान देतो आणि चार महिन्यांत संपतो. चाया अर्धं वर्ष वाट पाहायला लावते आणि मग कित्येक वर्षं देत राहते. ज्याला आज पेरून संक्रांतीला भाजी हवी त्याला चाया लावा म्हणून सांगणं हा त्याचा हिरमोड आहे.

पुण्यात हे दोघं एकमेकांच्या आड येतही नाहीत. डिसेंबरच्या शेवटी रात्रीचा पारा १० च्या खाली उतरला की चायाची पानं पिवळी पडतात आणि आठवड्याभरात झाड निष्पर्ण होतं. नेमकं याच वेळी लोक ते मेलं म्हणून उपटतात, किंवा जगावं म्हणून त्याला रोज पाणी घालून मारतात. अशा वेळी खोडाची साल नखानं जराशी खरवडून पाहायची. आत हिरवी ओल दिसली तर झाड झोपलेलं आहे. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी पुरतं, खत अजिबात नको. ती बादली शेजारच्या क्रेटला घालावी. तिथे नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला पालक एव्हाना दुसऱ्या कापणीला आलेला असतो.